खोडरबरबाई आणि न वाजलेली घंटा

आमच्या मुख्य संपादक बाईंना सगळे ‘खोडरबर’ म्हणतात आणि ते नाव मी ठेवलेलं आहे. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं, कारण त्याचं श्रेय लाटायला आमच्याकडे आणखी दोघं टपून बसले आहेत. झालं असं की, मी जन्मभर लिफ्ट तपासायचं काम केलं. निवृत्त झालो तेव्हा बाई म्हणाल्या, “लिफ्टच्या सुरक्षेवर एक लेख द्या.” मी जीव ओतून नऊ पानं लिहिली. परत आली तेव्हा अडीच उरली होती. मी विचारलं, “बाई, बाकीचं कुठे गेलं?” त्या पेन्सिलीला टोक काढत म्हणाल्या, “बाकीचं नव्हतंच.” त्या दिवशी घरी जाऊन मी बायकोसमोर त्यांच्या नावाने यथेच्छ बोटं मोडली. मग आठवड्याने ती अडीच पानं पुन्हा वाचली, तर ती नऊ पानांपेक्षा चांगली झाली होती. याचा राग मला अजून आहे.

आमचं काम म्हणजे सिस्टिम इंजिनिअरिंगचा खुला कोश. हे ऐकून लोक लगेच घड्याळ बघायला लागतात, म्हणून थोडक्यात सांगतो. पंप करणारा पंप करतो, वायरमन वायर जोडतो, गवंडी टाकी बांधतो. पण पंप, वायर, टाकी, ती चालवणारा माणूस आणि त्या माणसाला साहेबाचा येणारा फोन, हे सगळं एकत्र नीट चालतं की नाही हे कोणीतरी बघावं लागतं. ते बघण्याचं जे शास्त्र, त्याचा हा कोश. इंटरनेटवर आहे, कोणीही फुकट वाचावा. जगभरच्या कॉलेजांत मुलं वाचतात, निदान परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तरी.

पण खुला म्हणजे कुणीही यावं आणि खरडून जावं असा नाही. वाचणाऱ्याला फक्त शेरा पाठवता येतो. तो शेरा त्या भागाच्या संपादकाकडे जातो. संपादकाने तीनपैकी एक निकाल द्यायचा: स्वीकार, बदलून स्वीकार किंवा नकार. नकार दिला तर निदान दोन वाक्यांत कारण लिहायचं, आणि ते कारण कायम सगळ्यांना दिसत राहतं. वर्षातून दोनदा नवी आवृत्ती निघते आणि तिच्यावर नऊ जणांचं मंडळ शिक्कामोर्तब करतं. हे सगळे नियम खोडरबरबाईंनी घातलेले. त्यातला त्यांचा लाडका नियम म्हणजे, स्वतःच्या लेखावर आलेल्या शेऱ्याचा निकाल स्वतः द्यायचा नाही. दुसरा लाडका नियम म्हणजे, जे कुठेतरी छापून आलेलं आहे, ज्याचा संदर्भ देता येतो, तेच कोशात जाईल. “मला आठवतं”, “आमच्याकडे असंच असतं”, असली वाक्यं दिसली की बाईंची पेन्सिल आपोआप आडवी व्हायची.

मी ‘बिघाड आणि सुरक्षा’ या भागाचा संपादक. माझ्याकडे येणाऱ्या शेऱ्यांपैकी निम्म्यांना मी नकार देतो, म्हणून बाई मला नकारराव म्हणतात. म्हणजे फिटंफाट झाली.

आमची खोली तांत्रिक महाविद्यालयाच्या ग्रंथालयाच्या वर, तिसऱ्या मजल्यावर. लांबलचक टेबल, ज्याच्या एका पायाखाली जुन्या आवृत्तीची छापील प्रत घातली आहे. एक कपाट, ज्याचं दार लावताना खांद्याने ढकलावं लागतं. आणि एक विजेची किटली, जिचं झाकण हाताने दाबून धरलं नाही तर ती पाणी उकळतच राहते, बंद म्हणून होत नाही. अठरा संपादक, त्यातले सोळा बिनपगारी. बिनपगारी माणसाला रागावता येत नाही आणि काढूनही टाकता येत नाही, त्यामुळे अशी माणसं सांभाळताना नाकी नऊ येतात. बाईंना मात्र ते जमतं. त्या कोणाला रागावत नाहीत, फक्त त्याचा लेख मागवून घेतात आणि पेन्सिल शोधायला लागतात. पेन्सिल त्यांच्या अंबाड्यातच खोचलेली असते, आणि तोवर समोरचा ‘उद्या सुधारून आणतो’ म्हणून निघून जातो.

बाई एकसष्ट वर्षांच्या, ठेंगण्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांना थांबणं ठाऊक नाही. लिफ्टचं बटण त्या सलग सहा वेळा दाबतात, आणि माझ्यासारख्याच्या काळजाला तेव्हा काय होतं हे त्यांना सांगून उपयोग नाही. पूर्वी त्या पाणीपुरवठा खात्यात इंजिनिअर होत्या. नवरा शिंपी. घराच्या पुढच्या खोलीतच त्याचं दुकान आहे, गणवेश आणि सूट शिवतो, आणि बायकोची मनसोक्त थट्टा करणारा जगातला तो एकमेव माणूस आहे. “हिने माझ्या लग्नाच्या सूटची कॉलर काढायला लावली होती,” असं तो प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगतो. “म्हणाली, कॉलरचं इथे काम काय?”

बाईंची हुशारी कशात होती, ते सांगायला एक प्रसंग पुरेल. आमच्या मंडळात दोन प्राध्यापक आहेत, एक जाडा आणि एक लांब. ‘सिस्टिम’ या शब्दाची व्याख्या काय असावी यावर त्या दोघांची अकरा वर्षं जुंपलेली होती. माणूस सिस्टिमच्या आत धरायचा की बाहेर, एवढाच मुद्दा. प्रत्येक आवृत्तीला इथेच घोडं पेंड खायचं. शेवटी एका बैठकीत बाईंनी किटली मधोमध ठेवली, बटण दाबलं आणि म्हणाल्या, “झाकणाला कोणी हात लावायचा नाही.” किटली उकळली, उकळत राहिली, टेबलावर पाणी सांडलं, कागद भिजले. जाड्याने न राहवून झाकण दाबलं. “माणूस आत,” बाई म्हणाल्या आणि व्याख्येतली चार वाक्यं खोडली. लांब प्राध्यापक महिनाभर बोलत नव्हता, पण व्याख्या तीच राहिली.

तर अशा या बाईंवर गेल्या वर्षी त्यांचेच नियम उलटले.

आवृत्ती बंद व्हायला बारा दिवस होते. सकाळी मी शेरे उघडले, तर एक शेरा ‘बिघाडातून शिकताना’ या लेखावर होता. हा लेख खुद्द बाईंचा, अठरा वर्षांपूर्वीचा, कोशातला सगळ्यात जास्त वाचला जाणारा. त्यात एका गावाच्या पाण्याच्या टाकीचं उदाहरण आहे. टाकी भरत आली की पंपघरात इशाऱ्याची घंटा वाजायची. एके दिवशी टाकी भरून वाहिली, खालच्या गल्लीत पाणी शिरलं आणि शाळेची लायब्ररी वाहून गेली. बाईंनी लिहिलं होतं: ‘ऑपरेटरने इशाऱ्याच्या घंटेकडे कानाडोळा केला. साधन कितीही चांगले असले तरी ते वापरणारा बेफिकीर असेल तर बिघाड टळत नाही.’ खाली चौकशी समितीच्या छापील अहवालाचा संदर्भ. सगळं कसं चोख.

शेरा एका मुलीचा होता: ‘घंटेकडे कानाडोळा झाला नव्हता. घंटा बंद ठेवायला वरून सांगितलं होतं, कारण ती टाकी अर्धी असतानाच वाजायची, दिवसातून चाळीस-चाळीस वेळा. हे माझ्या आजोबांनी तुम्हाला तीनदा कळवलं आहे. तीनदा तुम्ही तेच उत्तर दिलंत. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि आमच्या वर्गात हा लेख शिकवतात. परवा सरांनी विचारलं, या उदाहरणातला बेफिकीर माणूस कोण? सगळ्या वर्गाने एका सुरात उत्तर दिलं. आजोबा ऐंशी वर्षांचे आहेत. त्यांच्या हयातीत हे वाक्य बदलेल का, एवढंच सांगा.’

तीनदा? मी जुने शेरे शोधले. खरंच तीन होते, नऊ वर्षांत मिळून. प्रत्येक दोन-तीन ओळींचा, अगदी नम्र. ‘महोदय, घंटा बंद ठेवण्याची सूचना होती, त्याची रोजनाम्यात नोंद आहे. कृपया दुरुस्ती व्हावी.’ आणि खाली नकार: ‘लेख प्रकाशित अहवालावर आधारित आहे. वाचकाने प्रकाशित संदर्भ द्यावा.’ मोजून दोन वाक्यं, नियमाप्रमाणे. तिन्ही नकार माझे होते.

खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा मला रागच आला, त्या पोरीचा. मग तिन्ही शेरे शब्दन् शब्द वाचले. मी ते तेव्हा वाचलेच नव्हते. ‘रोजनामा’ हा शब्द दिसला, रोजनामा काही प्रकाशित संदर्भ नाही, संपलं. ज्याने माणसाला दोषी ठरवलं तो अहवाल छापील होता आणि ज्यात माणसाची बाजू होती ती वही छापील नव्हती. आमचा नियम मी बिनचूक पाळला होता, तीन वेळा.

मी कागद बाईंच्या पुढे ठेवला. त्यांनी वाचला. अंबाड्यातली पेन्सिल काढली, तशीच हातात धरून बसल्या.

“घंटेची पातळी मी ठरवली होती,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“खात्यात मी नवीन होते. टाकीच्या नकाशावरून पातळी काढली, ऑफिसात बसून. त्या पंपघरात उभं राहून ती घंटा मी कधी ऐकली नाही, नकारराव. दर महिन्याला जायचे, वीस मिनिटांत परत.” मग म्हणाल्या, “निकाल तुम्ही द्यायचा. लेख माझा आहे, मी बोलणार नाही.”

आणि मी तरी काय निकाल देणार? स्वीकार म्हणावं तर पुरावा नाही, नकार म्हणायची आता हिंमत नाही. गाडं अडलं. बाई पर्स उचलून निघाल्या आणि मी त्यांच्या मागे. लिफ्टपाशी त्यांनी बटण एकदाच दाबलं, तेव्हा मला खरी काळजी वाटली.

दुकानात त्यांचा नवरा एका जाड माणसाच्या कोटाला टाचण्या लावत होता. आम्ही सगळं सांगितलं. तोंडात टाचण्या धरून त्याने ऐकलं, गिऱ्हाईक गेलं तसं टाचण्या उशीत खोचल्या आणि म्हणाला, “एक विचारू का? राग धरू नका. आमच्यात ट्रायल असते. कच्ची शिलाई झाली की ज्याचं कापड त्याला बोलावतो, अंगात घालून बघ म्हणतो. काखेत काचतंय का, पाठीत ताणतंय का, हे त्यालाच कळतं. तुमच्या लेखातल्या त्या माणसाला कोणी ट्रायलला बोलावलं होतं का?”

बाईंनी नकारार्थी मान हलवली. 

“मग अठरा वर्षं तो बिचारा काचणारा कोट घालून फिरतोय,” तो म्हणाला. “जा, भेटा जाऊन.”

शेरा पाठवणाऱ्या त्या नातीला आम्ही ईमेल पाठवला. तिचं उत्तर एका ओळीचं आलं, नुसता पत्ता. दोन दिवसांनी आम्ही बसने गेलो. वाटेत बाईंनी मला चार वेळा बजावलं, “तिथे नियम सांगायचे नाहीत.” मी म्हटलं, “तुम्हीपण सांगू नका.”

दुसऱ्या मजल्यावरची छोटी स्वच्छ खोली. भिंतीवर तीन घड्याळं, तिन्ही एकच वेळ दाखवणारी. ऑपरेटर काका ताठ बसलेले, इस्त्रीचा शर्ट, मनगटाची बटणं लावलेली. नात दारातच उभी होती, हाताची घडी घालून. चेहऱ्यावरून ती चहा द्यायच्या विचारात नव्हती. काकांनी बाईंकडे बघितलं आणि म्हणाले, “या मॅडम. केस पिकले तुमचे.”

“तुम्ही ओळखलंत मला?”

“दर महिन्याच्या पाच तारखेला यायचात. निळी बॅग होती. बसायचा नाहीत कधी.”

मी घाईघाईने माझा अपराध कबूल करून टाकला, कारण तो पोटात राहीना. “काका, ते तीन नकार माझे. मी तुमचे शेरे नीट वाचले नव्हते.” त्यावर ते माझ्याकडे निरखून बघत राहिले. “असं होय,” ते म्हणाले. “मला वाटायचं मशीनच उत्तर देतंय.” नातीला हसू आलं, ते तिने दाबलं, पण त्यानंतर चहा आला.

मग त्यांनी कपाटातून कापडात गुंडाळलेला रोजनामा काढला. त्या घटनेनंतर त्यांची बदली भांडारात झाली होती. पंप चालवणाऱ्या माणसाला स्क्रू मोजायला बसवलं. चौकशीत त्यांनी रोजनाम्याचा हवाला दिला होता, पण समितीला तो सापडला नाही. चार वर्षांनी जुन्या वह्यांचा ढीग भांडारात आला, रद्दीत काढायला, आणि त्यात हा निघाला. तोवर चौकशी मिटलेली होती. त्यांनी साहेबांकडून तो मागून घेतला. रद्दीच ती, साहेबांनी देऊन टाकला.

पानावर बारीक, सरळ अक्षर. ‘घंटा ४१ वेळा. टाकी निम्मी. पातळी चुकीची वाटते. कळवले.’ पुढच्या आठवड्यात: ‘घंटा ३८ वेळा. फोनवरून सूचना: दिवसा घंटा बंद ठेवावी, पातळी दुरुस्त करून मिळेल.’ पुढच्या महिन्यात: ‘पातळी अजून दुरुस्त नाही. घंटा सूचनेप्रमाणे बंद. पुन्हा कळवले.’ त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. आणि प्रत्येक महिन्याच्या शेवटी, डाव्या कोपऱ्यात, हिरव्या शाईत एकच शब्द, ‘पाहिले’, आणि खाली सही.

ती सही मी रोज बघतो. आमच्या प्रत्येक आवृत्तीच्या पहिल्या पानावर ती असते.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पान उलटलं. पुढच्या पानावरही सही. एकंदर सहा महिने, सहा सह्या. “मी न वाचताच सह्या केल्या,” त्या म्हणाल्या. आवाज असा होता की मी खिडकीबाहेर बघायला लागलो. “आणि वर तुम्हालाच बेफिकीर म्हटलं. काका, तुम्ही शेऱ्यात हे का नाही लिहिलंत? माझी सही आहे, एवढं एक वाक्य लिहिलं असतंत तर दुसऱ्या दिवशी सगळं जागेवर आलं असतं.”

काकांनी रोजनामा पुन्हा कापडावर सरळ ठेवला. “तुमचं नाव कशाला मध्ये आणायचं? तेव्हा पोरच होतात तुम्ही. सगळेच तशी सही करायचे. मला कोणाला अडकवायचं नव्हतं मॅडम, मला फक्त ते वाक्य जायला हवं होतं.”

बाई रडल्या. लपवूनछपवून नाही, चांगल्या मोकळ्या रडल्या, आणि मग नातीने दिलेल्या रुमालाने नाक पुसून म्हणाल्या, “ते वाक्य जाणार नाही.”

नातीने कपबशी खाली ठेवली. 

“ऐका,” बाई म्हणाल्या. “माझं सगळं आयुष्य खोडण्यात गेलं. हे वाक्य मी आत्ता फोनवरून खोडू शकते. पण मग काय होईल? उद्याच्या वाचणाऱ्याला कळणारच नाही की आम्ही चुकलो होतो. तुमच्या नातीच्या वर्गाने ते वाक्य वाचलंय, त्यांना वाटेल काहीतरी मिटवलं. वाक्य तिथेच राहील, त्याच्याखाली ते चूक कसं होतं हे येईल, आणि घंटा, रोजनामा, सही, सगळं येईल. माझी सहीसुद्धा. आणि हे मी एकटी लिहिणार नाही. तुम्ही माझ्याबरोबर लिहायचं.”

“मी? मी सातवी पास.”

“माझ्यापेक्षा तुमचं अक्षर चांगलं आहे,” बाई म्हणाल्या.

पुढचे सात दिवस धमाल होती. काका बोलायचे, नात टाइप करायची, बाई फोनवरून प्रश्न विचारायच्या. काकांना एकही जास्तीचा शब्द चालत नाही हे तेव्हा कळलं. बाईंनी ‘दुर्दैवाने’ लिहिलं, तर ते म्हणाले, “दैवाचा काय संबंध? पातळी चुकली होती.” बाईंनी मुकाट्याने शब्द काढला. बाईंना खोडणारा माणूस जन्माला आलेला आहे आणि तो ऐंशी वर्षांचा आहे, ही बातमी मी तासाभरात बाकीच्या सगळ्या संपादकांना कळवली. रोजनाम्याच्या सगळ्या पानांचे फोटो महाविद्यालयाच्या खुल्या संग्रहात गेले, त्याला क्रमांक मिळाला, म्हणजे आता तो संदर्भ देता येण्याजोगा झाला. नियमालाही तोंड बंद ठेवावं लागलं.

राहिली मंडळाची बैठक. बाई म्हणाल्या, “लेख माझा, मी बाहेर बसते.” एकवीस वर्षांत पहिल्यांदा बैठक त्यांच्याशिवाय झाली. त्या जिन्याच्या पायरीवर जाऊन बसल्या. आत मी सगळं मांडलं, माझे तीन नकार वाचून दाखवले. जाडा प्राध्यापक म्हणाला, “दुरुस्ती मान्य आहे हो, पण लेखक म्हणून नाव? लेखकाच्या अर्जात पात्रतेचा रकाना आहे. तिथे काय लिहायचं?”

माझं डोकंच फिरलं. पण मी तोंड उघडायच्या आत लांब प्राध्यापक म्हणाला, “लिहा: ती घंटा दिवसातून चाळीस-चाळीस वेळा स्वतः ऐकली. या खोलीत आणखी कोणी ऐकलीय?”

 जाड्याने आपल्या खिशातलं पेन काढलं आणि त्या रकान्यात तेच वाक्य स्वतः लिहिलं. अकरा वर्षं भांडलेली ही दोन माणसं एका वाक्यावर सहमत झालेली मी बघितली, आणि मला वाटलं, आता निवृत्त व्हायला हरकत नाही. हात वर झाले, आठच्या आठ. त्याच बैठकीत एक नवा नियमही झाला: यापुढे ज्या माणसाच्या कामाचं उदाहरण द्यायचं, त्याला लेख आधी दाखवायचा. नियमावलीत त्याचं नाव लांबलचक आहे. आम्ही सगळे त्याला ट्रायल म्हणतो.

मी दार उघडून बाहेर आलो. बाई पायरीवर बसून पेन्सिलीचं टोक काढत होत्या. इतकं काढलं होतं की अर्धीच पेन्सिल शिल्लक होती.

“झालं,” मी म्हटलं.

“किती विरुद्ध?”

“एकही नाही.”

त्यांचा जीव भांड्यात पडला, पण त्या मला म्हणाल्या ते असं: “म्हणजे कोणी नीट वाचलं नसेल.”

पण नव्या नियमाप्रमाणे ट्रायल बाकी होती. आवृत्ती बंद व्हायच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही अंतिम लेखाची छापील प्रत घेऊन काकांकडे गेलो. या वेळी बाईंचा नवराही आला. म्हणाला, ट्रायल म्हटल्यावर मी पाहिजेच. पहिल्या पानावर लेखकांची दोन नावं होती, वरचं काकांचं. नातीने ते पान हातात घेतलं आणि बराच वेळ परत दिलंच नाही.

बाईंनी शेवटचं पान पुढे केलं. “इथे सही करा, काका. मग छापायला जाईल.”

काकांनी पेन घेतलं. टोपण काढलं. मग पेन खाली ठेवलं, चष्मा लावला आणि पहिलं पान समोर ओढलं. “आधी वाचतो,” ते म्हणाले.

पानं अकरा होती. ते एकेका ओळीखाली बोट ठेवून वाचत होते, ओठ हलत होते. तीन घड्याळं चालली होती. चहा येऊन गार झाला. शिंप्याने दोनदा बैठक बदलली. मला खोकला आला तो मी गिळला. आणि आमच्या खोडरबरबाई, ज्यांना लिफ्टपुरतंही थांबता येत नाही, त्या मांडीवर हात ठेवून बसून राहिल्या. पंपघरात ज्या कधी बसल्या नाहीत, त्या आता त्या माणसासमोर बसून होत्या. एक तास दहा मिनिटं त्या जागच्या हलल्या नाहीत, आणि मी शपथेवर सांगतो, सबंध वेळ त्यांचे डोळे त्या फिरणाऱ्या बोटावर होते.

मग काकांनी पेन उचललं आणि शेवटच्या पानाच्या डाव्या कोपऱ्यात, त्या बारीक सरळ अक्षरात लिहिलं: ‘सगळे नीट वाचले. पान चारवर दुसऱ्या पंपाची क्षमता चुकली आहे.’ खाली सही केली.

बाईंनी पान चार उघडलं, बघितलं, निकाल माझा म्हणून मला दाखवलं आणि मी मान डोलावल्यावर अंबाड्यातली पेन्सिल काढली.

“स्वीकार,” त्या म्हणाल्या, आणि चुकीचा आकडा खोडला.